माशांची अंडी निवडणारे यंत्र : सौदा कोणाच्या फायद्याचा?

किराणा आणि धान्याच्या धंद्यातील आपल्या बांधवांना ‘सॉर्टेक्स’ हा शब्द नवा नाही. तांदळाच्या पोत्यावर तो छापलेला असतो आणि गिऱ्हाईकही ‘सॉर्टेक्सवाला द्या’ असे सांगूनच मागते. हे तांदळाच्या एखाद्या जातीचे नाव असावे अशी पुष्कळांची समजूत आहे. वास्तविक ते इंग्लंडमध्ये १९४७ साली सुरू झालेल्या एका यंत्र कंपनीचे नाव. दाणा उजेडासमोरून घरंगळत जातो, डागी किंवा काळा दिसला की हवेचा बारीक फटकारा बसतो आणि तो दाणा बाजूला उडतो. सुपात तांदूळ घेऊन खडा आणि काळा दाणा वेचण्याचे बायाबापड्यांचे काम या यंत्राने गिरण्यांमधून जवळजवळ संपवले.

हेच तत्त्व माशांच्या अंड्यांनाही लावलेले आहे, हे मात्र फार थोड्यांना माहीत असेल. नॉर्वे, स्कॉटलंड, अमेरिका, चिली या देशांत सालमन आणि ट्राउट माशांच्या हॅचऱ्या आहेत. तेथे मेलेली अंडी जिवंत अंड्यांतून वेगळी काढण्याचे काम यंत्र करते. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात ही यंत्रे आली. आज त्यांना कॅमेरे आणि संगणकही जोडलेले आहेत.

आपल्या वाचकांचा याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. पहिले कारण असे की हा धंदा हिंदुस्थानातही आहे, आणि त्याचे मोठे केंद्र काश्मीर आहे. शाल, गालिचा, अक्रोड, केशर यांच्या व्यापारानिमित्त महाराष्ट्रातील आपल्या लोकांचे काश्मिरी व्यापाऱ्यांशी जुने देणेघेणे आहे. दुसरे कारण अधिक जवळचे. हाताचे काम यंत्राकडे द्यावे की नाही, हा प्रश्न मालेगाव-भिवंडीच्या मागवाल्यापासून दाळमिलवाल्यापर्यंत सर्वांपुढे येऊन गेला आहे किंवा उद्या येणार आहे. माशाच्या अंड्याच्या बाबतीत या प्रश्नाचा हिशेब इतका स्वच्छ मांडता येतो की इतर धंदेवाल्यांनीही तो एकदा वाचावा.

आधी माल काय आहे ते समजून घेऊ. ट्राउटचे अंडे साबुदाण्याच्या मोठ्या दाण्याएवढे, म्हणजे चार ते पाच मिलिमीटरचे, सालमनचे त्याहून थोडे मोठे. हिवाळ्यात मादीचे पोट हळुवार दाबून अंडी कोरड्या भांड्यात काढतात, त्यावर नराचा मिल्ट टाकतात, पिसाने किंवा बोटाने हलवतात आणि मग पाणी घालतात. पाणी मागाहून घालायचे, हा या कामातला जुना आणि मोठा शोध आहे. पाणी आधीच असेल तर फळण्याचे प्रमाण घसरते, कारण अंड्याचे सूक्ष्म छिद्र पाण्यात थोड्याच वेळात बंद होते आणि मिल्टची ताकदही मिनिटाभराच्या आत ओसरते.

यानंतर अंडी ट्रेमध्ये पसरून त्यांवरून थंड, स्वच्छ पाणी सतत वाहते ठेवतात. येथून पुढे वेळ मोजण्याची रीत निराळी आहे. दिवसाचे सरासरी तापमान आणि दिवसांची संख्या यांचा गुणाकार करतात. पाणी १० अंशांचे असेल तर इंद्रधनुषी ट्राउटचे पिल्लू सुमारे ३१ दिवसांत बाहेर पडते. पाणी थंड असेल तर दिवस वाढतात. साधारण अर्धी वाट झाली की अंड्यातून दोन काळे ठिपके दिसू लागतात. ते पिल्लाचे डोळे. या अवस्थेला ‘डोळे फुटलेले अंडे’ म्हणतात आणि सगळा व्यापार याच अवस्थेतील अंड्यांचा होतो. त्याच्या आधीचे बरेच दिवस अंडे इतके नाजूक असते की ट्रेला धक्का लागला तरी मरते. डोळे फुटल्यावर मात्र तेच अंडे ओल्या कापडात, बर्फाच्या थंडाव्यात, पाण्याबाहेर कित्येक दिवस प्रवास करू शकते.

ही गोष्ट व्यापाऱ्यांनी फार पूर्वी ओळखली. १८६४ साली ‘नॉर्फोक’ नावाच्या जहाजातून इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाकडे सालमन आणि ट्राउटची अंडी लाकडी पेट्यांत, शेवाळात बांधून, बर्फाखाली ठेवून पाठवण्यात आली. तीन महिन्यांच्या प्रवासानंतर त्यातील पुष्कळशी टास्मानियात जिवंत पोचली. काश्मीरची कहाणी इतकी सरळ नाही. १८९९ मध्ये आलेली पहिली खेप नासली. १९०० मध्ये स्कॉटलंडहून आलेल्या दुसऱ्या खेपेतून तेथे ट्राउट रुजला. त्या मासळीची देखभाल ज्यांच्याकडे होती ते फ्रँक मिचेल श्रीनगरात गालिच्यांचा कारखाना चालवीत. गालिच्याच्या गाठी मोजणाऱ्या माणसाच्या हाती माशांचे काम यावे, हा योगायोग खरा, पण सर्वस्वी विसंगत म्हणता येणार नाही. पुढे हारवन, लारिबल आणि नंतर कोकरनाग येथे हॅचऱ्या उभ्या राहिल्या. कोकरनागचा मोठा प्रकल्प १९८४ मध्ये युरोपीय आर्थिक समुदायाच्या मदतीने झाला. हिमाचलमध्ये कुलूजवळ पतलीकुहल येथे नॉर्वेच्या सहकार्याने असेच काम झाले आहे.

आता मूळ मुद्द्याकडे. ट्रेमधली सर्व अंडी फळत नाहीत. काही मध्येच मरतात. मेलेले अंडे पांढरे, दुधी होते, कारण त्याचे आतले आवरण फुटून पाणी आत शिरते आणि आतील प्रथिने थिजतात. या मेलेल्या अंड्यावर सॅप्रोलेग्निया नावाची बुरशी धरते. कापसासारखे तंतू फुटतात आणि ते शेजारच्या जिवंत अंड्याला वेढून त्याचा श्वास कोंडतात. एक मेलेले अंडे वेळीच उचलले नाही तर बघता बघता गुच्छ तयार होतो.

पूर्वी यावर मॅलाकाइट ग्रीनचा उपाय सर्रास होता. रंगरेज बांधवांना हे नाव ओळखीचे असेल. रेशीम, लोकर, कातडे रंगवण्याचा हा हिरवा रंग. बुरशी मारण्यात तो अतिशय गुणकारी, पण त्याचे अंश माशाच्या अंगात राहतात आणि त्यापासून कर्करोगाचा धोका असल्याचा संशय आहे. म्हणून युरोप आणि अमेरिकेत खाण्याच्या माशांसाठी त्यावर बंदी आली. फॉर्मॅलिनसारखी दुसरी औषधे आहेत, परंतु तीही जपून वापरावी लागतात. थोडक्यात, स्वस्त औषध हातातून गेल्यावर मेलेली अंडी वेचण्याचे महत्त्व वाढले. यंत्र खपण्यामागे मजुरीइतकेच हेही कारण आहे आणि यंत्र विकणारे ते सहसा सांगत नाहीत.

वेचण्याची जुनी हत्यारे साधी आहेत. चिमटा, तारेचे कडे, रबरी फुगा लावलेली काचेची नळी. बर्फासारख्या पाण्यावर तासन् तास वाकून, एकेक पांढरे अंडे शेजारच्याला धक्का न लावता उचलायचे. मिठाच्या पाण्याचीही एक रीत आहे. योग्य प्रमाणाच्या द्रावणात मेलेली अंडी वर येतात आणि जिवंत तळाशी राहतात. काम झटपट होते, पण प्रमाण आणि वेळ दोन्ही सांभाळावे लागतात.

यात एक मेख आहे आणि सगळा लेख तिच्यासाठी वाचला तरी चालेल. जे अंडे फळलेच नाही ते पांढरे होत नाही. ते जिवंत अंड्यासारखेच पारदर्शक, पिवळसर, देखणे राहते. चिमट्यालाही ते ओळखू येत नाही आणि यंत्रालाही नाही. म्हणून डोळे फुटल्यावर अंड्यांना मुद्दाम झटका देतात. ट्रेमधली अंडी थोड्या उंचीवरून पाण्याच्या बादलीत ओततात किंवा नळीने एका भांड्यातून दुसऱ्यात सोडतात. आत पिल्लू असलेले अंडे हा धक्का सहज सोसते. रिकाम्या अंड्याचे आवरण फुटते आणि ते एका दिवसात पांढरे पडते. मग निवड सुरू.

हा झटका कोणत्या दिवशी द्यायचा आणि किती जोराचा, हे माणूस ठरवतो. एक-दोन दिवस लवकर दिला तर चांगली अंडी मरतील. हलका दिला तर फसवी अंडी निवडीतून सुटून जातील आणि पुढे सडतील. यंत्राला फक्त उजेड आणि सावली कळते. त्याच्या आधीची समज उस्तादाची असते. यंत्र घेतले म्हणून उस्ताद काढून टाकणारा मालक पहिल्याच हंगामात पस्तावेल, आणि दोष यंत्राला देईल.

यंत्र चालते कसे? पाण्यासह अंडी वरून ओततात. खाली फिरती चकती किंवा ढोल असतो, त्याला अंड्याच्या मापाची भोके. एका भोकात एक अंडे बसते. एका बाजूने दिवा, दुसऱ्या बाजूला फोटोसेल. स्वच्छ अंड्यातून उजेड पार जातो, पांढऱ्यात अडतो. अडला की हवेच्या किंवा पाण्याच्या फवाऱ्याने ते अंडे वेगळ्या मार्गाला लागते. शिवाय प्रत्येक अंडे मोजले जाते. नव्या यंत्रांत कॅमेरा अंड्याचे चित्र घेतो आणि आकार, डोळा, विकृती यांवरूनही निवड करतो. ताशी हजारो अंडी निघतात.

‘ताशी हजारो’ हा आकडा ऐकून बहुतेक गिऱ्हाईक भारावून जाते. येथेच कागद-पेन्सिल घेऊन बसावे.

समजा एका हॅचरीत २ लाख अंडी आहेत आणि त्यातली १५ टक्के खराब निघाली. म्हणजे ३० हजार अंडी वेचायची. सराईत हाताला एका अंड्यास २ सेकंद धरा. ६० हजार सेकंद, म्हणजे जवळजवळ १७ तास. दोन माणसांचा दिवसभराचा धंदा. यंत्राचा वेग ताशी ५० हजार धरला तर ४ तासांत काम आटोपेल. यंत्र जिंकले.

आता तीच २ लाख अंडी, पण फळवण्याचे काम काळजीपूर्वक झाले आणि खराबी फक्त २ टक्के आली असे धरा. वेचायची अंडी ४ हजार. हाताला लागतील सव्वादोन तास. यंत्राला? पुन्हा तेच ४ तास. कारण हात फक्त मेलेल्याला स्पर्श करतो, यंत्राला मात्र मेले-जिवंत प्रत्येक अंडे आपल्या भोकातून काढावे लागते. हात जिंकला, वर वीज वाचली, आणि जिवंत अंड्यांना एक वळसा कमी बसला.

हे आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. ज्याने त्याने आपले घालावेत. पण हिशेबाची घडण बदलणार नाही. निवडण्याचे यंत्र दोन ठिकाणी पैसे वसूल करते. जेथे माल अफाट आहे तेथे, आणि जेथे खराबी फार आहे तेथे. नॉर्वेत वर्षाला सुमारे १५ लाख टन सालमन पिकतो. त्यासाठी कोट्यवधी अंडी लागतात. तेथे चिमट्याने वेचत बसणे अशक्य आहे आणि तेथे यंत्राविषयी वादच नाही. दुसऱ्या प्रकारच्या गिऱ्हाइकाला मात्र माझे स्पष्ट सांगणे आहे. खराबी फार येते म्हणून यंत्र घेणे म्हणजे छत गळते म्हणून दरवर्षी नवी बादली घेण्यासारखे आहे. आधी पाहावे की मादी वेळेवर पिकली होती का, भांड्यात पाण्याचा थेंब होता का, नर पुरेसे होते का, नाजूक दिवसांत कोणी ट्रे हलवला का. या चार गोष्टींना यंत्राच्या किमतीच्या मानाने काहीच पैसा लागत नाही.

आणि जो मधला हॅचरीवाला आहे, ज्याचा माल थोडा जास्त आणि हात थोडे कमी, त्याच्यासाठीही मधली वाट आहे. दुधी काचेचे टेबल, खालून मंद दिवा आणि वरून पाण्याचा पातळ प्रवाह. पांढरे अंडे काळे होऊन उठून दिसते. डोळ्यांचा ताण निम्मा होतो आणि हात झपाट्याने चालतो. कोणताही हुशार सुतार आणि वायरमन मिळून असे टेबल करू शकतील. फक्त दिवा प्रखर नको आणि ऊन तर मुळीच नको. ट्राउटच्या अंड्याला सूर्याचा थेट प्रकाश मानवत नाही.

आता यंत्राच्या बाजूने जे बोलले पाहिजे ते बोलतो, कारण हा लेख यंत्राच्या विरोधात लिहिलेला नाही. त्याची खरी किंमत मजुरी वाचवण्यात कमी आणि मोजण्यात जास्त आहे.

डोळे फुटलेली अंडी हजाराच्या भावाने विकली जातात. अलीकडच्या वर्षांत डेन्मार्कहून इंद्रधनुषी ट्राउटची अशी अंडी काश्मीर आणि हिमाचलमध्ये विमानाने आणली गेली आहेत. घेणाऱ्याच्या हाती थर्माकोलची पेटी येते. आत किती हजार आहेत? त्यातली जिवंत किती? न फळलेली पण देखणी किती? घेणारा तेथे बसून मोजणार नाही. मापाच्या भांड्याने अंदाज काढला तर अंड्याचा आकार थोडा बदलताच हजारामागे कित्येक अंड्यांचा फरक पडतो. फिकहच्या किताबांत अनिश्चित सौद्याचा, म्हणजे गररचा, दाखला देताना पाण्यातल्या न पकडलेल्या माशाचे उदाहरण दिले जाते. अंड्याची पेटी म्हणजे त्याच माशाची आणखी एक पायरी मागची अवस्था आहे! तेथे विकणाऱ्याने झटका देऊन, निवडून, एकेक मोजून माल दिला, तर सौद्यातील अंधार बराचसा दूर होतो. हे काम यंत्र माणसापेक्षा चांगले करते, कारण ते संध्याकाळी थकत नाही आणि गिऱ्हाईक पाहून आकडा बदलत नाही.

म्हणून माझे मत असे की अशा यंत्राची जागा छोट्या शेतकऱ्याच्या हॅचरीत नाही. ती अंडी पुरवणाऱ्या मोठ्या केंद्रात आहे. काश्मीरमध्ये गेल्या काही वर्षांत सरकारी योजनांतून खासगी ट्राउट तलाव बरेच वाढले. हे लहान उत्पादक आहेत. दोन-चार लांबट हौद, डोंगरावरून येणारे पाणी आणि घरातली माणसे. त्यांना बीज सरकारी केंद्रातून घ्यावे लागते. त्यांनी यंत्र मागण्याऐवजी चिठ्ठी मागावी. या खेपेत किती अंडी घातली, झटका कोणत्या दिवशी दिला, किती खराब निघाली, किती मोजून दिली, एवढे चार आकडे प्रत्येक पेटीवर लिहून आले पाहिजेत. केंद्राजवळ यंत्र असेल तर हे आकडे त्याला आपोआप मिळतात. यंत्र नसेल तर हाताने लिहावेत. परंतु लिहून देण्याची सक्ती झाली की केंद्राला स्वतःच कळेल की आपल्याला यंत्राची गरज आहे की चांगल्या भांड्यांची.

‘मग सर्वांनी मिळून एक यंत्र घ्यावे आणि पाळीपाळीने वापरावे’ अशी सूचना येईल. आपल्या सहकारी संस्थांची ती आवडती सूचना आहे. मळणीयंत्राला ती लागू पडते. येथे अडचण अशी की अंड्यांना स्पर्श करणारी प्रत्येक वस्तू एका हॅचरीची बुरशी आणि रोग दुसऱ्या हॅचरीत नेऊ शकते. ओले भोक, नळीतला एक थेंब एवढे पुरते. दर वेळी पूर्ण निर्जंतुक करून, वाळवून यंत्र पुढे देण्याची शिस्त ज्या गावात आहे त्या गावाने खुशाल भागीदारी करावी. शिवाय सर्वांची अंडी एकाच हंगामात, एकाच पंधरवड्यात डोळे उघडतात. पाळी कोणाची आधी, यावरून भांडणे होतील ती वेगळीच.

उरलेले अकरा महिने यंत्र झाकून पडणार, हाही खर्चाचा भाग धरावा. आणि हिवाळ्यात डोंगरात वीज जाते. अर्धी अंडी चकतीत आणि अर्धी कोठीत असताना वीज गेली तर काय करायचे, हा प्रश्न विकणाऱ्याला आधी विचारावा.

आपल्या महाराष्ट्राकडे वळू. येथे ट्राउट नाही. पाणी उष्ण आहे. आपल्या तळ्या-धरणांत रोहू, कटला, मृगळ वाढवतात. १९५७ च्या जुलै महिन्यात ओरिसातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिट्यूटरी ग्रंथीचा अर्क टोचून या माशांकडून हुकमी अंडी घालून घेतली. त्याआधी सर्व भिस्त पुराच्या नदीत जाळे लावून बीज गोळा करण्यावर होती. १० जुलै हा दिवस त्या आठवणीत मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो.

या माशांसाठी अंडी निवडण्याचे यंत्र कोणी दाखवू लागले तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे. रोहू-कटल्याच्या एक किलो वजनाच्या मादीमागे लाखाच्या वर अंडी निघतात आणि २७-२८ अंशांच्या पाण्यात १४ ते १८ तासांत पिल्ले बाहेर पडतात. ट्राउटला जेथे पंधरवडा मिळतो तेथे येथे एक रात्र मिळते. लाखो मऊ, फुगलेली अंडी चकतीतून काढायची आणि तीही सकाळच्या आत, हे जमणार नाही आणि परवडणारही नाही. एकेका अंड्याची किंमतच इतकी नगण्य असते. गोल हौदात पाणी फिरते ठेवून अंडी तरंगती राखायची, मग पिल्ले प्रवाहाबरोबर बाहेर येतात, हीच रीत येथे योग्य आहे. खराब अंडी हौदातच राहून धुतली जातात.

मोजण्याचा प्रश्न मात्र येथेही तोच आहे आणि कदाचित अधिक तीव्र. आपल्याकडे मत्स्यजिरे लहानशा वाटीने मोजतात. एक वाटी नमुन्याला घेऊन त्यातली पिल्ले मोजायची आणि वाट्यांच्या संख्येने गुणायचे. वाटी पाण्यासह भरली की निथळून भरली, यावर हजारोंचा फरक. पुढे बोटुकली घेतानाही पुष्कळदा अंदाजच. शिवाय रोहूच्या नावाखाली काय काय मिसळले आहे ते मासा बोटभर होईपर्यंत घेणाऱ्याला दिसत नाही. तलावाचा ठेका घेतलेल्या एखाद्या छोट्या संस्थेचे वर्षाचे उत्पन्न या पहिल्या वाटीवर ठरते. ट्राउटवाल्यांकडून महाराष्ट्राने काही घ्यायचेच असेल तर निवडीची चकती नको, मोजणारा डोळा घ्यावा. बोटुकली मोजणारी उजेडावर चालणारी यंत्रे परदेशात वापरात आहेत आणि त्यांची घडण निवडीच्या यंत्रापेक्षा सोपी असते.

येथे आपल्या कारागिरांसाठी एक शब्द. दिवा, फोटोसेल, मोटर, फवारा, एवढ्याच गोष्टींतून ही यंत्रे बनतात. धान्याचे कलर सॉर्टर आज कोइंबतूरसारख्या ठिकाणी आपल्याच देशात तयार होतात. मोटर बांधणारे, यंत्रमागाचे सुटे भाग करणारे, रेडिओ-टीव्ही दुरुस्तीतून इलेक्ट्रॉनिक्समध्ये आलेले आपले मिस्त्री यांच्या आवाक्याबाहेरची ही वस्तू नाही. बोटुकली मोजण्याचे साधे, स्वस्त, बॅटरीवर चालणारे यंत्र जो कोणी करील त्याला महाराष्ट्रापासून बंगालपर्यंत गिऱ्हाईक आहे. बाहेरून आणलेले यंत्र बिघडले की सुटा भाग येईपर्यंत हंगाम निघून जातो. गल्लीतला मिस्त्री त्याच दिवशी येतो.

राहिला वेचणाऱ्या हातांचा प्रश्न. मोठ्या केंद्रात यंत्र बसले की चिमटा धरून बसणारी माणसे मोकळी होणार, यात लपवण्यासारखे काही नाही. परंतु हीच माणसे वर्षानुवर्षे अंडी पाहत आलेली असतात. कोणत्या ट्रेमध्ये खराबी वाढते, कोणत्या मादीची अंडी ढिली येतात, पाण्याला कधी वास येतो, हे त्यांना कोणी न सांगता कळते. यंत्राचा उजेड किती ठेवायचा, कोठे कापायचे, हे त्यांच्याकडूनच ठरवून घ्यावे लागते. कडक ठेवला तर चांगली अंडी फेकली जातात, सैल ठेवला तर मेलेली आत राहतात. यंत्राने फेकलेल्या ढिगातून मूठभर अंडी रोज काढून तपासणारे कोणी नसेल तर महिनाभरानंतरच कळेल की नाल्यात काय वाहून गेले. म्हणून केंद्र सरकारी असो वा खासगी, यंत्राच्या खरेदीच्या कागदावरच लिहिलेले असावे की ते कोण चालवणार, आणि पहिले नाव जुन्या वेचणाऱ्याचे असावे. त्याचा पगारही यंत्र चालवणाऱ्याचाच असावा. चिमट्याच्या काळातला असू नये.